दक्षिणेकडं तोंड असलेला अँटिना

वैनीनं परसात दोडक्याच्या वेलाला आधार म्हणून जे रोवलंय, ते लांबून कुणालाही मोडकी शिडी वाटेल. मलाही तसंच वाटलं. जवळ जाऊन हात लावला तेव्हा ॲल्युमिनियमचा तो गार, खरबरीत झालेला स्पर्श आधी बोटांनी ओळखला. नळ्यांवर पांढरट भुकटी धरली होती. काही टोकं गांधीलमाशांनी मातीनं बुजवून टाकली होती. एका टोकाला कानशीचे तिरपे ओरखडे होते. ते माझेच. तेव्हा मला सरळ कानस चालवता येत नव्हती, हात घाईत असायचे.

घाई अजून गेलेली नाही. पुण्याहून तामलवाडीला आले की पहिल्या तासाभरात परतीची गाडी आठवायला लागते. दादा म्हणतो, "ही बाई घरात शिरताना चप्पल उलटी फिरवून ठेवती, निघाया बरं म्हणून." नोकरी होती तेव्हा नोकरीचं कारण होतं. आता तेही नाही, तरी एका जागी बसवत नाही. काल दुपारी जेवण झाल्यावर सगळे लवंडले, आणि मी आपली परसात येरझाऱ्या घालत होते. म्हणून तर हा अँटिना दिसला.

आमचं घर सोलापूर-तुळजापूर रस्त्याला लागून. तेव्हा रस्ता एकेरी होता, दोन्ही बाजूंना कडुलिंबाची झाडं होती, आणि घरावर मातीचं माळवद होतं. उन्हाळ्यात तापल्या माळवदावर पाणी मारलं की चिकणमातीचा वास उठायचा. थंडीत तिथं शेंगा वाळत पडायच्या आणि चालताना पायाखाली कुरकुरायच्या. त्या वेळी सोलापुरातून रेडिओ-टीव्हीचा आयटीआय करून मी घरी बसले होते. बसले होते म्हणजे नुसतं म्हणायला. दिवसभर रानात जा, विहिरीवर जा, रस्त्यावर येऊन गाड्या बघ, परत घरात ये, असं चाललेलं. शिकताना वर्गात मुली म्हणून आम्ही दोघीच. दुसरीचं लग्न झालं. माझ्यासाठी स्थळं बघणं सुरू होतं. मला काय पाहिजे हे मला सांगता येत नव्हतं, फक्त हे नको एवढं कळत होतं.

आणि घरात माझ्याहून अस्वस्थ अशी एकच व्यक्ती होती. वैनी.

वैनी विजापूर जिल्ह्यातली, इंडीकडच्या एका खेड्यातली. दादा एसटीत कंडक्टर होता आणि त्याची ड्यूटी त्या रस्त्याला असायची. पुढं काय झालं, लग्न कसं ठरलं, कुणी काय शब्द वापरले, हे आमच्या घरात कुणी कधी सरळ सांगितलं नाही. मला आठवतं ते एवढंच, की ती एका संध्याकाळी दादाच्या मागून दारात आली, हातात कापडी पिशवी होती आणि पिशवीत कडक भाकरींची चळत होती. तिचं नाव नीलव्वा. आमच्याकडं ते नीलिमा झालं, आणि आईच्या तोंडात ते बसेना म्हणून नीला झालं. तिच्या वडलांनी, म्हणजे अप्पानं, तिचं नाव घरात घ्यायचं नाही असं सांगितल्याचं कानावर आलं. इकडं माझे वडील, अण्णा, तेही कमी नव्हते. "त्यांनी बोलावल्याबिगर या घरातलं कुणी तिकडं पाय ठेवायचा न्हाय," म्हणाले. दादानं ड्यूटी बदलून घेतली, उमरग्याच्या गाडीवर गेला.

वैनी कुणाला काही म्हणायची नाही. पण तिचे हात थांबायचे नाहीत. झाडलेलं अंगण परत झाडायची, घासलेली भांडी परत घासायची. करडईच्या तेलाची फोडणी करताना स्वतःशी कानडीत पुटपुटायची आणि कुणी आलं की गप्प व्हायची. मराठी शिकली ती भरभर, फक्त रेडिओ तिच्या तोंडात कायम बाई राहिला. "ताई, रेडिओ बोलंना झाली," म्हणायची. मला हसू यायचं, तीही हसायची. त्या घरात आम्ही दोघीच एकमेकींना हसायचो.

आश्विन आला की मात्र ती बदलायची. कर्नाटकातून तुळजापूरला चालत जाणारी माणसं आमच्या दारावरून जायची. अनवाणी पाय, कपाळाला मळवट, डोक्यावर गाठोडी, खांद्यावर पेंगलेली पोरं. धुळीचा, घामाचा, कुंकवाचा एक मिसळलेला वास रस्त्यावर दिवसभर तरंगत असायचा आणि मधेच कुठल्या तरी घोळक्यातून ‘उदो उदो’चा आवाज उठायचा. वैनी दारात रांजण भरून ठेवायची आणि पाणी द्यायच्या निमित्तानं प्रत्येकाला विचारायची, "याव ऊर?" कुठलं गाव? गाव वेगळं निघालं की तांब्या पुढच्या माणसाकडं.

त्या वर्षी एका म्हातारीनं पाणी पिता पिता वैनीच्याच गावाचं नाव घेतलं. मी ओट्यावर होते. दोघींचं कानडी इतकं जोरात सुरू झालं की मला भांडण वाटलं. म्हातारी पुढं गेली. वैनी धावत आत आली, हात ओले, पदर ओला.

"ताई, अप्पा रेडिओत गातोय. विजापूरच्या. दर गुरुवारी सकाळी. ती म्हातारी सोताच्या कानानं ऐकलीय." मग माझा दंड धरून म्हणाली, "हितं लागंल का ते?"

तिचे वडील एकतारीवर तत्त्वपदं, म्हणजे संतांची कानडी पदं, गायचे हे तिनं सांगितलं होतं. गावोगावच्या जत्रांत गायचे. लहानपणी ती त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून ते ऐकत झोपायची. आता विजापूरला एक लहान एफएम केंद्र निघालं होतं आणि अप्पा तिथं जाऊन गात होता.

आमच्या रेडिओची चमकती दांडी मी पूर्ण ओढली. बटण केसभर, केसभर फिरवत गेले. नुसती खरखर. दारात, अंगणात, माळवदावर, विहिरीच्या काठावर रेडिओ घेऊन मी हिंडले आणि माझ्या मागं वैनी. तिथून विजापूर शंभरावर किलोमीटर, आणि मधे अख्खं सोलापूर आडवं पडलेलं. आमच्या दांडीच्या आवाक्यातलं ते काम नव्हतं.

"न्हाय लागत," वैनी म्हणाली. तेवढंच. आणि झाडू उचलून झाडलेलं अंगण झाडायला लागली.

तेव्हा माझ्या डोक्यात पहिल्यांदा कुठली तरी गोष्ट घट्ट बसली. एका दिशेला तोंड करून फक्त तिकडचंच ऐकणारा अँटिना बनवायचा. आम्हाला शिकवलं होतं, पण फळ्यावर. दुमडून लांबट कड्यासारखी केलेली एक नळी, लहर पकडायला. तिच्या मागं जरा लांब नळी, पुढं निघून जाणारी लहर परत फिरवायला. आणि समोर ओळीनं आखूड नळ्या, लहरीला वाट दाखवायला. सगळं एका आडव्या पट्टीवर.

नळ्या मिळणं सोपं होतं. ते दिवस गावात केबल येण्याचे. घराघरांवरचे टीव्हीचे अँटिने उतरत होते. काल-परवापर्यंत ज्यांच्यासाठी पोरं छपरावर चढून "आलं का? मुंग्या गेल्या का?" म्हणून ओरडायची, ते अँटिने उकिरड्याशेजारी पाय वर करून पडले होते. मी मागून आणले. दादानं बाभळीची सरळ पट्टी तासून दिली. शिंप्याकडचा टेप आणला. लोखंडी करवतीनं ॲल्युमिनियम कापताना दातांत कळ येईल असा आवाज यायचा आणि पायाशी चंदेरी भुगा साठायचा. आई खालून ओरडायची, "लोकाच्या पोरी रुखवत करायल्यात, आन ही माळवदावर कानस घासत बसलीय!"

वैनी शेजारी बसून नळ्या धरायची. दुमडायची नळी चपटी होऊ नये म्हणून आत वाळू ठासायची युक्ती तिचीच. तिच्या माहेरी लोहाराला तसं करताना तिनं पाहिलं होतं. कोळशावर तापवलेली, वायरींच्या जोडाला डाग द्यायची कांडी राळेला टेकली की पांढरा, गोडसर, डोळ्यात जाणारा धूर उठायचा. तो वास मला आजही कुठं आला तरी मी थबकते. त्यानंतर किती प्रयोगशाळांतून काम केलं, पण माझ्यासाठी तो वास माळवदाचाच आहे. त्यात वाळत्या शेंगा आहेत आणि वैनीच्या डोक्यातलं एरंडेल आहे.

अँटिना उभा केला तेव्हा कार्तिक लागला होता. बांबूवर बांधला, तोंड दक्षिणेला, किंचित पश्चिमेकडं झुकतं. वायर खाली पडवीत आणून रेडिओला जोडली. गुरुवारी सकाळी आम्ही दोघी कान लावून बसलो. खरखरीच्या तळाशी कुणी तरी बोलत होतं. कानडीच होतं. पण पाण्यात बुडालेल्या माणसानं बोलावं तसं, एक शब्द वर यायचा आणि दहा खाली जायचे. वैनी रेडिओवर इतकी वाकली होती की तिचं कपाळ त्याला टेकलं. मग तेही गेलं.

"काय चुकलं?" तिनं विचारलं.

मी सांगितलं ते मला स्वतःलाही तेव्हाच नीट कळत होतं. नळीत लहर येते, पण नळीचा आणि वायरीचा स्वभाव एक नसतो. आयटीआयमध्ये त्याला इंपिडन्स म्हणायचे. दुमडलेल्या नळीचा तीनशे, वायरीचा पंचाहत्तर. जोडावर येऊन लहर अडते आणि बरीचशी आल्या वाटेनं परत जाते. म्हणजे अप्पाचा आवाज आपल्या माळवदापर्यंत येतोय. घरात येत नाहीये.

वैनीनं वर बघितलं, छताकडं. "वर हाय?"

"वर हाय."

ती उठली आणि शिडीनं माळवदावर गेली. बराच वेळ खाली आली नाही. मी गेले तर अँटिनाच्या बांबूला हात लावून उभी होती.

जोड जुळवायची एक रीत होती. त्याच वायरीचा एक तुकडा मापून कापायचा, कड्यासारखा वाकवायचा आणि नळीच्या दोन टोकांमध्ये जोडायचा. दादाला सांगितलं तर तो म्हणाला, "म्हंजे मध्यस्थ घालायचा." मी माप काढलं, अर्ध्या लहरीएवढं. जोडलं. काही फरक नाही. उलट होतं तेही बिघडलं. परत कापलं, परत जोडलं. पुढची आखूड नळी मागं सरकवली, पुढं सरकवली. ती जवळ आली की जोडावरचा आकडाही बदलतो, एवढं आठवत होतं, पण किती ते दाखवायला काही साधन नव्हतं, फक्त कान. गुरुवार येत होते आणि जात होते. बाकीचे दिवस केंद्रावरचं काहीही लागलं तरी आम्ही त्यावर अँटिना जुळवत बसायचो. शेतीच्या गप्पा, कानडी बातम्या, पोरांची गाणी. वैनी म्हणायची, "ही बाई रोज बोलती, हिचा आवाज सर्दीचा हाय." पण गुरुवारी नेमकी खरखर जास्त.

मी खायची थांबले. रात्रीची झोप उडाली. आई अण्णांना म्हणाली, "पोरगी वेडी व्हायलीय." अण्णा म्हणाले, "पाहुणे येऊ दे. जाईल वेड."

पाहुणे येणार त्याच दिवशी सकाळी मी कुणाला न सांगता सोलापूरची गाडी धरली. आयटीआयमध्ये आमचे सर होते, त्यांना गाठलं. त्यांनी माझा वायरीचा तुकडा हातात घेतला, लांबी बघितली आणि हसले.

"अगं, हवेत लहर पळती. वायरीच्या आत ती चालती. तू तुकडा हवेच्या मापानं कापलास व्हय? दोन तृतीयांश ठेव."

ते शिकवलं होतं. मीच विसरले होते. सरांनी चांगल्या वायरीचा एक वेटोळा दिला. मी परतले तेव्हा पडवीत पाहुणे पोह्यांच्या बश्या घेऊन बसले होते आणि आईचा चेहरा काळा पडला होता. वैनीनं मला मागच्या दारानं आत ओढलं, तोंड धुतलं, साडी गुंडाळली, वेणी घातली. हे सगळं करताना तिचं एकच चालू होतं, "काय म्हणले? सर काय म्हणले?"

मुलाचे मामा ऐसपैस गृहस्थ होते. त्यांनी माझ्या बोटाकडं बघितलं. "हे काय भाजलं?"

"डाग देताना भाजलं."

"कशाला डाग? भांड्याला?"

"अँटिनाला," मी म्हणाले.

मुलगा खाली बघून हसला. चांगला वाटला मला तो, खोटं कशाला बोलू. पण त्यांचा निरोप आला नाही. आईनं काही दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. मला त्याचं वाईट वाटायला हवं होतं, पण पाहुण्यांची गाडी वळणावर जायच्या आत मी साडी खोचून माळवदावर होते. वैनी खालून कोळसे घेऊन आली.

त्या आठवड्यात थंडी कडाक्याची पडली. शाळू कमरेच्या वर आला होता आणि सकाळी सगळ्या शिवारावर धुई उतरायची, इतकी की रस्त्यावरच्या ट्रकचे नुसते दिवे दिसायचे. अशा थांबलेल्या गार हवेत लांबची केंद्रं लागतात. हे मला माहीत होतं, पण तोंडानं म्हणायची भीती वाटत होती. गुरुवारी दादाची सुट्टी होती. त्यानं माकडटोपी घातली आणि न सांगता माळवदावर जाऊन बांबू धरला. सासऱ्याचं नाव त्यानं लग्नानंतर कधी काढलं नव्हतं.

मी पडवीत रेडिओपाशी. वैनी भिंतीला टेकून, दोन्ही हात काखेत घालून.

"आलं का?" दादा वरून.

"न्हाय. उजवीकडं जरा."

"माझ्या उजवीकडं का तुझ्या?"

"तुझ्या! सावकाश. आता थांब. हालू नको."

आणि रेडिओतली खरखर बसली. उतू चाललेल्या दुधावर पाण्याचा हबका मारावा तशी एकदम खाली बसली. मधली जागा रिकामी, स्वच्छ झाली आणि त्यात एक बाई कानडीत बोलायला लागली. ती सर्दीच्या आवाजाची. इतकी जवळून की मी दचकून मागं सरले. तिनं गावाचं नाव घेतलं. वैनीनं डोळे मिटले. मग एकतारीचं तुणतुण. मग एक जाड, मातकट, मोकळा आवाज.

वैनी रडली नाही. तिचे ओठ हलत होते, त्या आवाजाच्या एक शब्द पुढं. पुढचा शब्द तिच्या ओठांवर आधी यायचा आणि मागून रेडिओत. आई चुलीपासून उठून दारात येऊन उभी राहिली, हाताला पीठ. अण्णा चहाची बशी हातात धरून तसेच. कुणाला एक अक्षर कळत नव्हतं.

तिसऱ्या की चौथ्या ओळीत वैनीचे ओठ थांबले.

"दम तुटला," ती म्हणाली.

"कुणाचा?"

"अप्पाचा. शब्दाच्या मधी श्वास घेतला."

"गाताना घेतात की, वैनी."

"अप्पा घेत न्हाय. तितं घेत न्हाय कधी." ती पुढं वाकली. आवाज परत चढला, आणि परत एका शब्दाच्या पोटातच तुटला. आता मलाही ऐकू आलं. दमलेल्या माणसानं चढावर थांबावं तसं.

गाणं संपायच्या आत ती उठून उभी राहिली. "म्या जाते."

वरून दादाचा आवाज आला, "सोडू का? अगं, सोडू का बांबू?" गाणं संपेपर्यंत तो तसाच धरून उभा राहिला, थंडीत, न हलता. मग वैनीच अंगणात जाऊन वर बघून म्हणाली, "सोडा आता. या खाली."

अण्णांनी बशी खाली ठेवली. "नीला, आपलं काय ठरलंय? बोलावणं आल्याबिगर..."

वैनीनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. सासऱ्यापुढं ती कधी मोठ्यानं बोलत नसे. तेव्हाही मोठ्यानं बोलली नाही. "मामंजी, बोलावणं आलंय की. आत्ताच आलं. तुमी बी ऐकलाव."

अण्णांनी रेडिओकडं बघितलं. तिथं आता बाजारभाव चालू होते, कांदा, तूर, गूळ, सगळं कानडीत. मग आईला म्हणाले, "शिदोरी बांध. दोघांची बांध."

ती दोघं गेली. गाडी धुक्यात शिरली, तिचा मागचा लाल दिवा थोडा वेळ दिसला आणि विझला. मी माळवदावर जाऊन अँटिनाच्या बुडाशी बसले. आयुष्यात पहिल्यांदा एखादी गोष्ट पुरी केली होती आणि मला आनंद होत नव्हता. म्हातारा आजारी असेल. ती पोचेपर्यंत राहील का? मी तो आवाज आणला नसता तर तिला कळलंच नसतं, हे बरं झालं असतं की वाईट? दिवसभर मी त्या नळ्यांपाशी उठत-बसत राहिले. शेंगा पायाखाली कुरकुरत होत्या. खाली रस्त्यावर सोलापूरकडून आलेली प्रत्येक गाडी थांबली की उठून बघत होते.

चार-पाच दिवसांनी दादा एकटा आला. पडवीत बसून पाणी प्याला आणि टोपी काढून हसायला लागला.

"ठणठणीत हाय म्हातारा! आमी गेलो तवा चिंचंच्या झाडावर चढून चिंचा झोडपत हुता."

दादानं पुढं सांगितलं ते असं. वैनी झाडाखाली बांधावर उभी राहिली. अप्पा खाली उतरला, तिच्याकडं बघितलं, काठी झाडाला टेकवून ठेवली आणि म्हणाला, "ऊटा आतेन?" जेवलीस का? मग घराच्या वाटेनं पुढं चालू लागला. एवढ्या वर्षांचं सगळं त्या दोन शब्दांत संपलं. दादाकडं त्यानं त्या दिवशी बघितलंच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र काही न बोलता बैलांचा कासरा दादाच्या हातात दिला.

"आन दम?" मी विचारलं. "गाताना दम का तुटत हुता?"

"नीलानं इच्यारलं. वय झालं म्हणला आन इषय बदलला."

वैनी महिनाभर राहून आली, येताना शेंगांच्या चटणीचा डबा आणि नवं लुगडं घेऊन. पुढं येणं-जाणं सुरू झालं. अण्णा आणि अप्पा एकमेकांची भाषा न येता बांधावर तासन् तास बसायचे. गुरुवारी सकाळी आमच्या पडवीत कानडी पदं लागायची आणि आई, जिला त्यातलं काही कळत नव्हतं, भाकरी थापताना त्याच ठेक्यात थापायची. अँटिनावर कावळे बसायचे, संक्रांतीला पतंग अडकायचे, पावसाळ्यात डागाच्या जागी हिरवट बुरशी धरायची आणि मी ती खरडून परत डाग द्यायची.

मग मीच गेले. पुण्याला नोकरी लागली. त्यानंतर नाशिक, होसूर, परत पुणे. सगळीकडं काम तेच, जोड जुळवायचे. यंत्राच्या पडद्यावर एक रेघ खाली येते आणि कळतं, जुळलं. त्या रेघेकडं बघताना मला कायम वाटत आलं की काही तरी राहिलंय. खरखर बसल्याचा तो आवाज या रेघेला नाही. घरं बदलली, गावं बदलली. लग्न केलं नाही, झालं नाही, दोन्ही खरं. अप्पा गेला, मागून अण्णा, मग आई. माळवद पाडून स्लॅब पडला तेव्हा अँटिना उतरला. आता विजापूरचं केंद्र वैनीच्या मोबाइलवर लागतं, लख्ख, बिनखरखरीचं. ती ते क्वचितच लावते.

काल परसात मी त्या नळ्यांना हात लावून उभी होते तेव्हा वैनी दोडकी तोडायला आली. केस पांढरे, चाल अजून तीच, लगबगीची.

"नेताव का पुण्याला?" तिनं विचारलं. "वेल दुसऱ्या कशावर बी चढंल."

"राहू दे."

तिनं दोन-तीन दोडकी तोडून पदरात टाकली. मग सहज बोलावं तसं म्हणाली, "मागं भाच्याच्या लग्नाला माहेरी गेलते. अप्पासंगं दिमडी वाजवायचा तो म्हातारा भेटला. लई थकलाय. त्यानं एक सांगितलं, तुमाला सांगायचं हुतं."

मी नळीवरचा हात काढला.

"रेडिओत गायला बसायच्या आदी अप्पा दर बारीला तिथल्या मानसाला इच्यारायचा, हे वरच्या अंगाला कुठवर जातं? तो मानूस म्हणायचा, लई झालं तर सोलापूर. अप्पा म्हणायचा, तामलवाडी? तो म्हणायचा, न्हाय आज्जा, तितवर न्हाय पोचत."

तिनं एक जून दोडकं हातात घेतलं, दाबून बघितलं, वेलीवरच सोडून दिलं.

"मंग अप्पा म्हणायचा, बरं, मंग जरा मोठ्यांदा गातो."

रस्त्यावरून एक ट्रक गेला, त्याचा आवाज संपेपर्यंत ती थांबली.

"ते समजावायचे म्हणं, आज्जा, मोठ्यांदा गाऊन लांब जात न्हाय, दम तेवढा लागतो. समदे हसायचे." वैनीनं पदर सावरला आणि घराकडं वळली. "अप्पा सोडून."